धर्मशाळेलाही नोंदवही असते

१९ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयात एका श्रीलंकन तमिळ गृहस्थाची याचिका सुनावणीस आली आणि फेटाळली गेली. न्या. दीपांकर दत्त व न्या. के. विनोद चंद्रन यांच्या पीठाने त्या वेळी जे तोंडी उद्गार काढले, त्यांतील एक शब्द देशभर गाजला. जगभरच्या निर्वासितांना ठेवून घ्यावयास भारत ही काही धर्मशाळा नाही, आपल्या १४० कोटी लोकांचा भार वाहतानाच आपली दमछाक होत आहे, असा त्या उद्गारांचा आशय होता. न्या. दत्त हे २०२० ते २०२२ या काळात मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते, त्यामुळे महाराष्ट्रास ते अपरिचित नाहीत. त्यांच्या न्यायबुद्धीविषयी आमच्या मनात आदर आहे आणि तो राखूनच पुढील मजकूर लिहीत आहोत.

प्रथम प्रकरण काय होते ते पाहू. हा गृहस्थ २०१५ साली तामिळनाडूत आणखी दोघांसह पकडला गेला. बंदी असलेल्या ‘लिट्टे’ संघटनेशी त्याचा संबंध असल्याचा संशय होता. २०१८ साली बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली त्यास दहा वर्षांची शिक्षा झाली. २०२२ साली मद्रास उच्च न्यायालयाने ती सात वर्षांवर आणली. मात्र शिक्षा संपताच त्याने भारत सोडावा आणि जाईपर्यंत निर्वासितांच्या छावणीत राहावे, असे बजावले. शिक्षा भोगून झाली, तरी पुढे सुमारे तीन वर्षे तो स्थानबद्धच राहिला. आपण २००९ च्या युद्धात लढलेले आहोत, श्रीलंकेत पाऊल टाकताच आपणास अटक होईल व छळ होईल, बायकामुले येथे आहेत, असे त्याचे म्हणणे होते. पीठाने विचारले, येथे स्थायिक होण्याचा तुम्हांस अधिकार काय? घटनेचे १९ वे कलम केवळ नागरिकांसाठी आहे. २१ व्या कलमाचा भंग झालेला नाही, कारण स्वातंत्र्य कायद्याने ठरवून दिलेल्या रीतीनेच हिरावले गेले आहे. मायदेशी जिवास धोका असल्याचे वकिलांनी सांगितले, तेव्हा उत्तर मिळाले की, मग दुसऱ्या कोणत्या तरी देशात जावे.

या माणसाविषयी कोणास ममत्व वाटावे, असे त्याचे पूर्वचरित्र नाही, हे आम्ही आरंभीच मान्य करतो. ज्या संघटनेने २१ मे १९९१ रोजी श्रीपेरुंबुदूर येथे आपल्या एका माजी पंतप्रधानाचा बळी घेतला, तिच्याशी नाते सांगणाऱ्याला या देशाने उराशी धरावे, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु तमिळ आश्रयार्थ्याचे हे प्रकरण वाचताना जो प्रश्न मनात घर करून राहतो, तो त्याच्या चारित्र्याविषयीचा नाही. त्याला परत पाठविल्यास त्याचे काय होईल, हा प्रश्न या देशातील कोणत्या अधिकाऱ्याने, कोणत्या दिवशी, कोणत्या खोलीत बसून विचारला? त्याचे उत्तर कोठे लिहून ठेवले आहे? आमच्या माहितीप्रमाणे असा अधिकारी, अशी खोली आणि असा कागद आपल्या कायद्यात नाही. ज्या प्रश्नाचा पहिला निर्णयच कोणी दिलेला नाही, त्या निर्णयाचे पुनर्विलोकन न्यायालयाने करावयाचे तरी कसे?

न्यायालयीन पुनर्विलोकन हा शब्द वृत्तपत्रांत वारंवार येतो, पण त्याचा अर्थ बहुधा चुकीचा घेतला जातो. अमुक माणूस निर्वासित आहे की नाही, हे पुनर्विलोकन करणारे न्यायालय स्वतः ठरवीत नाही. ते एवढेच पाहते की, ज्याने ठरविले त्याने त्या माणसाचे म्हणणे ऐकून घेतले होते काय, पुढे आलेला पुरावा वाचला होता काय, प्रतिकूल मजकूर असेल तर तो त्याला दाखविला होता काय, आणि निर्णयाची कारणे लिहिली होती काय. शाळेतल्या भाषेत सांगावयाचे तर, उत्तरपत्रिका फेरतपासणीसाठी मागविणाऱ्याला गुण वाढवून मिळतातच असे नाही. पण उत्तरपत्रिका तपासलीच गेली नव्हती, असे दिसून आले तर सारी परीक्षाच सदोष ठरते. आपल्याकडे आश्रय मागणाऱ्याची उत्तरपत्रिका कोणी तपासावयास घेत नाही. तो थेट वरिष्ठ न्यायालयाच्या दारात येऊन उभा राहतो, आणि तेथे त्याला साहजिकच विचारले जाते की, तुझा अधिकार कोणता? भीती कोणती, हे विचारण्याची जागा त्याच्या आधीची होती. ती रिकामी आहे.

लंकेहून समुद्र ओलांडून आलेल्या पहिल्या आश्रयार्थ्याची कथा आपल्या घराघरांत सांगितली जाते. बिभीषण रामाच्या तळावर आला तेव्हा सुग्रीवाला तो शत्रूचा हेर वाटला. अंगदाने त्याची पारख करावी असे सुचविले, जांबवंताला त्याच्या येण्याची वेळ संशयास्पद वाटली, मैंदाने त्याला प्रश्न विचारून पाहावे असा सल्ला दिला आणि हनुमंताने त्याच्या बोलण्यात कपट दिसत नसल्याचे सांगितले. रामाने शेवटी त्याला अभय दिले, हे आपणा सर्वांना पाठ आहे. पण त्या आधी सेनापतींची मते घेतली गेली होती आणि ऐन युद्धाच्या तोंडावर एवढा वेळ त्या प्रश्नास दिला गेला होता, याकडे कीर्तनकारही सहसा लक्ष वेधीत नाहीत. शत्रूराजाचा सख्खा भाऊ दारात उभा असताना सुरक्षिततेची शंका कोणास येणार नाही? शंका आली म्हणूनच विचारपूस झाली.

पुराण बाजूस ठेवून इतिहासाकडे वळले, तर या विषयात महाराष्ट्राचे स्वतःचे एक प्रकरण आहे आणि ते हेगच्या आंतरराष्ट्रीय लवाद न्यायालयापर्यंत गेलेले आहे. ८ जुलै १९१० रोजी फ्रान्समधील मार्सेलिस बंदरात ‘मोरिया’ बोटीवरून विनायक दामोदर सावरकरांनी समुद्रात उडी घेतली. पोहत ते किनाऱ्यास लागले. फ्रेंच भूमीवर पाऊल पडले म्हणजे राजकीय आरोपीस आश्रय मिळण्याचा हक्क उत्पन्न होतो, हा त्यांचा हिशेब होता आणि तो त्या काळच्या युरोपीय रिवाजास धरूनच होता. किनाऱ्यावरच्या फ्रेंच शिपायाने त्यांना पकडले आणि ब्रिटिश पोलिसांच्या हवाली केले. कार्ल मार्क्सचे नातू जाँ लाँगे यांनी पॅरिसच्या वृत्तपत्रात याविरुद्ध आवाज उठविला. फ्रान्सने सावरकरांस परत मागितले. ऑक्टोबर १९१० मध्ये दोन्ही सरकारांनी वाद लवादाकडे सोपविण्याचे मान्य केले. हेगचा निकाल २४ फेब्रुवारी १९११ रोजी लागला. पकडून देण्याच्या कृतीत अनियमितता घडली, हे लवादाने मान्य केले. तथापि अशा कारणासाठी बंदिवानास परत देण्याचे बंधन ब्रिटनवर येत नाही, असे ठरविले.

मार्सेलिसच्या उडीवर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. हेगच्या निकालातील एका गोष्टीकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. त्या लवादात वादी फ्रान्स होता, प्रतिवादी ब्रिटन होता, आणि ज्याच्या आयुष्याचा प्रश्न होता तो माणूस पक्षकार नव्हता. त्याचे म्हणणे कोणी विचारले नाही. हेगचा निकाल येण्याची वाटही मुंबईच्या विशेष न्यायाधिकरणाने पाहिली नाही. डिसेंबर १९१० व जानेवारी १९११ मध्ये त्याने दोन जन्मठेपांच्या शिक्षा सुनावल्या होत्या. आश्रय ही दोन सरकारांमधील देवघेवीची बाब, तीत माणसाला तोंड नाही, ही १९११ सालची समजूत होती. सावरकरांच्या पुढील राजकारणाविषयी कोणाचे मत काहीही असो, त्या दिवशी त्यांच्यावर अन्याय झाला, याविषयी महाराष्ट्रात दुमत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर जग या समजुतीपासून दूर गेले आणि १९५१ चा निर्वासितांचा करार झाला. त्याचा गाभा एवढाच की, जेथे वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, समाजगट वा राजकीय मत यांपायी छळाची सकारण भीती आहे, तेथे माणसाला परत लोटू नये. भारताने त्या करारावर किंवा १९६७ च्या पूरक करारावर आजतागायत सही केलेली नाही.

‘सकारण भीती’ या दोन शब्दांचा कस प्रत्यक्षात कसा लागतो, हे तमिळांच्याच एका प्रकरणावरून चांगले समजते. १९८७ साली श्रीलंकेतील काही तमिळ तरुण ब्रिटनमध्ये आले आणि त्यांनी आश्रय मागितला. गृहमंत्रालयाने नकार दिला. त्यांनी पुनर्विलोकन मागितले. खालच्या अपील न्यायालयाने म्हटले, माणसाच्या मनात खरीखुरी भीती असली म्हणजे पुरे. डिसेंबर १९८७ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने तो निर्णय फिरविला: भीती मनात असून भागत नाही, तिला बाहेरच्या वस्तुस्थितीचा आधार हवा, आणि तो आहे की नाही हे मंत्र्याने ठरवावयाचे. कायदा म्हणून हे म्हणणे तर्कशुद्ध आहे; आमचेही मत तसेच पडले असते. त्यानुसार फेब्रुवारी १९८८ मध्ये पाच जणांची रवानगी श्रीलंकेस झाली. तेथे पोहोचल्यावर त्यांपैकी तिघांना मारहाण व छळ सोसावा लागला. त्यांच्या वतीने ब्रिटनमध्ये रीतसर अपील चालू राहिले, १९८९ साली अपील अधिकाऱ्याने त्यांची भीती सकारण होती असा निर्णय दिला आणि त्याच वर्षी त्यांना ब्रिटनमध्ये परत आणले गेले. पुढे हे पाचही जण स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेले. ३० ऑक्टोबर १९९१ रोजी ते तेथे हरले. ब्रिटनच्या न्यायालयांनी पुनर्विलोकनाची सोय दिली होती, तपासही काळजीपूर्वक झाला होता, पाठविण्याच्या वेळी धोका इतका स्पष्ट दिसत नव्हता, असे त्या न्यायालयाचे बहुमत पडले.

वरकरणी पाहता या गोष्टीतून दोन्ही पक्षांस हवा तो धडा काढता येईल. आम्हास तीत दिसते ते वेगळेच. मंत्री चुकला, देशातील सर्वोच्च न्यायपीठाने त्याच्या बाजूने निकाल दिला, आणि तरीही ते तरुण अखेर परत येऊ शकले. कारण कागद होता. कोणी काय सांगितले, कोणत्या कारणाने नाकारले, कोणता पुरावा होता, हे सारे लिहिलेले होते, म्हणून दुसऱ्या अधिकाऱ्याला ते तपासता आले. चूक दुरुस्त होण्यासाठी ती कोठेतरी नोंदलेली असावी लागते.

कॅनडात याहून पुढचे पाऊल पडले, आणि ते पडण्यास आपलीच माणसे निमित्त झाली. भारतातून गेलेल्या काही शिखांचे आश्रयाचे दावे तेथील सरकारने केवळ कागदपत्रे पाहून नाकारले होते. ४ एप्रिल १९८५ रोजी कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, ज्याच्या जिवाचा प्रश्न आहे त्याला समोर बसवून, तोंडी ऐकून घेतल्याशिवाय निकाल देता येणार नाही. या एका निकालामुळे त्या देशाला आपली व्यवस्थाच बदलावी लागली आणि १९८९ च्या आरंभी स्वतंत्र निर्वासित मंडळ अस्तित्वात आले. न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्याजवळ ऑगस्ट १९८६ मध्ये दीडशेहून अधिक तमिळ माणसे दोन होड्यांत तरंगताना सापडली, तेव्हा कॅनडातही धर्मशाळेसारखीच भाषा ऐकू आली होती. तेथील तमिळांचे दावे मंडळाकडून कधी मान्य होतात, कधी नाकारले जातात. नाकारल्यास संघ न्यायालयात पुनर्विलोकनाची परवानगी मागता येते, आणि तीही पुष्कळदा नाकारली जाते. आम्ही त्या देशाचे गोडवे गात नाही. तेथे नकार मिळालेल्याला नकाराचे कारण वाचावयास मिळते, इतकेच आमचे म्हणणे आहे.

आता घरचे पाहू. आपल्या न्यायालयांचा या विषयातील इतिहास सर्वस्वी कठोर आहे, असे कोणी समजू नये. त्यात दोन प्रवाह आहेत. पहिला १९५५ सालापासून चालत आलेला. एका जर्मन गृहस्थाच्या प्रकरणात नागपूरच्या उच्च न्यायालयाचे पूर्वीचे मुख्य न्यायमूर्ती व पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलेले न्या. व्हिव्हियन बोस यांनी निकाल दिला की, परकीयास देशाबाहेर घालविण्याचा सरकारचा अधिकार निरपवाद आहे. २०२१ साली रोहिंग्यांच्या प्रकरणातील आदेशानेही हाच सूर धरला. जगण्याचा व समानतेचा हक्क सर्वांना असला, तरी देशातून घालवून न दिले जाण्याचा हक्क १९ व्या कलमाशी, म्हणजे नागरिकत्वाशी जोडलेला आहे, असे त्यात म्हटले आहे. दुसरा प्रवाह १९९६ सालचा. अरुणाचल प्रदेशातील चकमांना हुसकावून लावण्याच्या धमक्या मिळू लागल्या, तेव्हा न्या. अहमदी यांच्या पीठाने सांगितले की, नागरिक असो वा नसो, प्रत्येक माणसाच्या जिवाचे रक्षण करण्यास राज्य बांधलेले आहे. गुजरात उच्च न्यायालयाने इराकी निर्वासितांच्या बाबतीत आणि मणिपूर उच्च न्यायालयाने २०२१ साली म्यानमारहून पळून आलेल्या पत्रकारांच्या बाबतीत, परत न लोटण्याचे तत्त्व २१ व्या कलमातच सामावलेले आहे, असे मानले. मुंबई उच्च न्यायालयाचे तर १९९४ सालचे उदाहरण आहे: संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित आयोगाने मान्यता दिलेल्या एका इराणी माणसास इराणला पाठविण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, त्याला वाटेल त्या देशात जाऊ द्यावे, असे या न्यायालयाने सांगितले.

त्या इराण्याजवळ आणि आपल्या तमिळाजवळ फरक कोणता होता? त्याच्या खिशात एक कागद होता. त्याची चौकशी करून त्याला निर्वासित ठरविणारी एक संस्था होती, आणि ती आपली नव्हती, परक्यांची होती. श्रीलंकेच्या तमिळांचा कारभार मात्र भारत सरकार स्वतःकडे ठेवते. जुलै १९८३ च्या दंगलींपासून ऑगस्ट २०१२ पर्यंत ३ लाख ४ हजारांहून अधिक तमिळ या देशात आले, असे गृहमंत्रालयाचेच अहवाल सांगतात. तामिळनाडूत त्यांच्यासाठी शंभरावर छावण्या उघडल्या गेल्या. भत्ता, धान्य, मुलांना शाळा, सारे देण्यात आले. ही उदारता खोटी नाही आणि ती विसरणे कृतघ्नपणाचे होईल. पण ती सरकारच्या मर्जीची उदारता आहे. तीत एका माणसाची म्हणून चौकशी होत नाही. सारे मिळून आत घेतले जातात आणि वारे फिरले की सारे मिळून संशयित होतात. १९९१ नंतर तसेच झाले. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्याने पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तान येथील सहा धर्मांच्या लोकांसाठी दार उघडले. लंकेतील तमिळ, ज्यांत हिंदूच बहुसंख्य आहेत, त्या यादीत नाहीत. १ सप्टेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या परकीयांविषयीच्या नव्या कायद्याने १९४६ चा जुना कायदा व त्याचे सोबती रद्द केले. पण निर्वासित कोणास म्हणावे आणि ते कोणी ठरवावे, याची रीत नव्या कायद्यातही नाही.

एवढ्या दूरच्या प्रश्नाशी मराठवाड्याच्या वाचकाचा संबंध काय, असे कोणी विचारील. हिंगोली जिल्ह्यातील डोंगरकड्यास रामेश्वरचा समुद्र दूर आहे आणि दिल्लीचे न्यायालयही. तेथील शेतकऱ्याला केळीच्या भावाची आणि हळदीच्या करप्याची चिंता असताना लंकेतील तमिळांची विवंचना त्याने का करावी? पण डोंगरकडा, कळमनुरी, हिंगोली हा सारा पट्टा १५ ऑगस्ट १९४७ रोजी स्वतंत्र भारतात नव्हता. पुढचे तेरा महिने, १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत, पैनगंगेच्या अलीकडे निजामाचे राज्य होते आणि पलीकडे पुसद-उमरखेडचे वऱ्हाड. निजामाने स्वतंत्र राहण्याचा हट्ट धरला होता. नोव्हेंबर १९४७ च्या ‘जैसे थे’ करारापलीकडे त्याचा भारताशी संबंध नव्हता. कासीम रझवीच्या रझाकारांचा उच्छाद वाढला तेव्हा मराठवाड्यातील शेकडो गावांतील कुटुंबे घरास कुलूप लावून सरहद्द ओलांडून गेली. मुंबई इलाख्यात गेली, मध्य प्रांतात गेली. कायद्याच्या काटेकोर भाषेत ती परराज्याची प्रजा होती. त्यांच्यात शस्त्र घेतलेले, बँका लुटलेले, ज्यांच्यावर निजामाच्या राज्यात वॉरंटे होती असे क्रांतिकारकही होते. आज त्यांना आपण स्वातंत्र्यसैनिक म्हणतो. तेव्हा हैदराबादच्या सरकारी दप्तरात त्यांचे नाव काय होते, ते सांगावयास नको. वऱ्हाडातील एखाद्या कलेक्टराने त्यांना ‘तुमचा येथे राहण्याचा अधिकार काय, दुसऱ्या कोणत्या तरी प्रांतात जा’ असे म्हटले असते, तर मराठवाड्याचा इतिहास कसा झाला असता?

त्याच इतिहासाचे दुसरे पान वाचणे तितकेच आवश्यक आहे. पोलीस कारवाईनंतर याच भागात, नांदेड व उस्मानाबाद जिल्ह्यांत विशेष, निरपराध मुसलमान कुटुंबांवर सूड उगविला गेला. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने त्याची पाहणी करून अहवाल दिला. तो कित्येक दशके दडवून ठेवला गेला आणि २०१३ च्या सुमारास लोकांसमोर आला. जे काल पळत होते त्यांच्या गावातून आज दुसरे पळाले. आश्रयाची गरज कोणाला, केव्हा लागेल हे ज्याला सांगता येईल, असा ज्योतिषी आम्हास भेटलेला नाही.

महाराष्ट्राने पाहुणे कमी पाहिलेले नाहीत. दुसऱ्या महायुद्धात सैबेरियातून सुटलेल्या सुमारे पाच हजार पोलिश स्त्रिया, मुले व वृद्ध यांना १९४३ पासून कोल्हापूरजवळ वळिवडे येथे जागा मिळाली आणि १९४८ पर्यंत ते तेथे होते. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी बरॅकींत सिंधी कुटुंबे आली आणि १९४९ साली त्या वस्तीचे उल्हासनगर झाले. गोंदिया जिल्ह्यात गोठणगाव-प्रतापगडच्या परिसरात तिबेटी वसाहत आहे. यांपैकी कोणाच्याही येण्याने महाराष्ट्र बुडाला नाही.

‘धर्मशाळा’ हा शब्द न्यायालयाने हेटाळणीच्या अर्थाने वापरला, याचे आम्हास थोडे वाईट वाटले. पंढरपूर, त्र्यंबक, औंढा नागनाथ येथल्या धर्मशाळांत ज्यांनी मुक्काम केला आहे, त्यांना ठाऊक आहे की धर्मशाळा म्हणजे मोकाट जागा नव्हे. दारात व्यवस्थापक बसलेला असतो. त्याच्यापुढे नोंदवही असते. नाव, गाव, येण्याचे कारण विचारून लिहून घेतल्याशिवाय खोली मिळत नाही; तीन दिवसांपेक्षा अधिक राहू नये, अशी पाटीही पुष्कळ ठिकाणी असते. दारू पिऊन दंगा करणाऱ्यास रात्रीच बाहेर काढले जाते. आपला देश आज या बाबतीत धर्मशाळेच्याही मागे आहे. दार कधी सताड उघडे, कधी अकस्मात बंद, आणि वही मुळी नाहीच.

देशाच्या सुरक्षिततेचा मुद्दा आम्ही उडवून लावीत नाही. परंतु १९५१ च्या करारातच अशी तरतूद आहे की, जो देशाच्या सुरक्षिततेस धोकादायक मानण्यास सबळ कारण आहे, किंवा ज्यास विशेष गंभीर गुन्ह्याबद्दल शिक्षा झाली आहे, त्याला परत न पाठविण्याच्या संरक्षणाचा फायदा मागता येत नाही. १९ मेच्या याचिकाकर्त्याला कदाचित याच तरतुदीखाली नकार मिळाला असता. तो नकार विचारांती दिलेला असता आणि त्याची कारणे त्याच्या हाती पडली असती. शिवाय छळाचा प्रश्न राहतोच. छळाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ साली सही केली, पण त्यास अद्याप मान्यता दिलेली नाही. त्या करारात गुन्हेगारालासुद्धा, छळ होईल अशा ठिकाणी पाठविण्यास मनाई आहे. १४० कोटींच्या भाराचा युक्तिवाद मात्र आम्हास पटत नाही. चौकशी केल्याने लोकसंख्या वाढत नाही. उलट, चौकशीची रीत असेल तर पोट भरावयास आलेला कोण आणि जीव वाचवावयास आलेला कोण, हे लवकर वेगळे होईल, आणि शिक्षा संपलेला माणूस तीन तीन वर्षे सरकारी खर्चाने छावणीत पडून राहणार नाही.

न्यायमूर्तींस तरी दोष किती द्यावा? कायदा करणे हे संसदेचे काम. माजी सरन्यायाधीश पी. एन. भगवती यांच्या पुढाकाराने दक्षिण आशियातील देशांसाठी निर्वासितविषयक कायद्याचा नमुना १९९७ सालीच तयार झाला होता. डॉ. शशी थरूर यांनी लोकसभेत खासगी विधेयक एकापेक्षा अधिक वेळा मांडले. खासगी विधेयकांचे आपल्याकडे जे होते, तेच त्याचेही झाले. काँग्रेसची सरकारे आली आणि गेली, भाजपची आली; सोयीचे तेवढे निर्वासित आपले म्हणावयाचे, बाकीच्यांना घुसखोर, ही पद्धत दोघांनीही चालू ठेवली. कायदा नसण्यातच सरकारचा हात मोकळा राहतो, हे दोन्ही पक्षांना पुरते उमगलेले आहे.

तथापि कायदा होईपर्यंत हात बांधून बसण्याचे कारण नाही. नव्या कायद्याखाली केंद्र सरकारने सप्टेंबर २०२५ च्या आरंभी एक सूट-आदेश काढला. त्यान्वये ९ जानेवारी २०१५ पर्यंत भारतात आश्रयास आलेल्या व नोंदणी झालेल्या श्रीलंकन तमिळांना पारपत्र व व्हिसा यांविषयीच्या काही दंडनीय तरतुदींतून वगळण्यात आले. म्हणजे संसदेकडे न जाता, एका आदेशाच्या बळावर हजारो माणसांच्या डोक्यावरील टांगती तलवार बाजूस करता येते, हे सरकारने स्वतःच दाखवून दिले आहे. त्याच मार्गाने दुसराही आदेश काढता येईल: कोणाही परकीयास बाहेर पाठविण्यापूर्वी, परत गेल्यास जिवास धोका असल्याचे तो सांगत असेल, तर जिल्हा न्यायाधीशाच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने त्याला त्याच्या भाषेच्या दुभाष्यासह समोर बसवून ऐकावे, निर्णय कारणांसह लिहावा, त्याची प्रत त्यास द्यावी आणि तीस दिवस त्याला हलवू नये. त्यानंतर उच्च न्यायालयास त्या निर्णयात काय तपासावयाचे ते तपासता येईल. गृहमंत्रालयाला यासाठी नवे खाते उघडावे लागणार नाही. तिरुचिरापल्लीच्या विशेष छावणीपासून आरंभ करता येईल, तेथे शिक्षा संपूनही अडकलेल्या परकीयांची यादी सरकारपाशी तयारच आहे.